वाचायच्या आधी पुसलेली खूण

या, मित्रांनो, या. दाटीवाटीने का होईना, पण बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. अस्सल आहे, माझ्यावरच बेतलेली आहे. सांगताना माझी मान खाली जाईल, ते मनावर घेऊ नका. हसायला येईल तिथे खुशाल हसा.

मी एक जुना वॉचडॉग आहे. घाबरू नका, भुंकत नाही. शेपूट नाही, दात नाहीत, केस गळत नाहीत. करंगळीच्या नखाएवढ्या काळ्या चिपच्या एका कोपऱ्यात माझं घर. आता फळीवर धूळ खात पडून असतो, पण एके काळी मी कामाचा गडी होतो. शेजारी सगळे विद्वान. कोणी गुणाकार करतो, कोणी पडद्यावर अक्षरं काढतो. मी एकटा अडाणी. मला एकच विद्या येते, उलटं मोजायची.

म्हणजे कसं, मला कोणीतरी एक आकडा द्यायचा. मी तिथून एकेक पायरी खाली उतरत शून्याकडे निघतो. मी शून्यावर पोचायच्या आत यंत्राने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवायचा. हात फिरला की मी परत वर चढून पहिल्यापासून मोजायला लागतो. हात फिरला नाही, तर मी समजतो की यंत्र कुठेतरी अडकलं, शुद्ध हरपून बसलंय. मग मी कडकडून चावतो. चावतो म्हणजे सगळं यंत्र बंद पाडून पुन्हा चालू करतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारतात ना, तसं.

आणि चावलो की एक खूण ठेवतो. माझ्या घरात त्यासाठी एक छोटा कप्पा आहे. त्यात मी टिंब काढून ठेवतो, 'हे मी केलं' म्हणून. वीज जाऊन यंत्र बंद पडलं, तर मात्र तो कप्पा कोराच राहतो. टिंब असेल तर मी, नसेल तर वीज. एवढं सोपं. आमच्या गोष्टीतला सगळा घोळ या टिंबाचा आहे.

मला कान कुठले, डोळे कुठले, असं विचारू नका. गोष्टीत सगळ्यांना असतात.

आता मी असा अडाणी, आणि यंत्राचा कारभार बघणारी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मोठं प्रस्थ. तिच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. फौजेतला नव्हे, पण रुबाब तोच. त्याची भाषा मला कळत नाही, माझी त्याला कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो गाडी चालवत नाही, निरोप चालवतो. माझा ड्रायव्हर लिहिला ठकूने.

ठकू म्हणजे एक हुशार पोरगी. पगाराच्या कागदावर तिचं दुसरं नाव होतं, पण मामाने लहानपणी ठकू म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ती ज्या छोट्या कारखान्यात कामाला होती, तो एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होता. एक लांब टेबल, सगळीकडे वायरींचे तुकडे, वितळलेल्या कथलाचा वास, आणि एक पंखा, जो फिरताना दर फेरीला कुरकुर करायचा. तिथे उबवणीची यंत्रं बनत. म्हणजे कोंबडीच्या अंड्यांना कोंबडीशिवाय ऊब देणारी कपाटं, त्यांचा मेंदू तिथे तयार व्हायचा. कारखान्याचे साहेब भले माणूस होते, फक्त विचार करताना पेन्सिल चावायचे. चावण्यात ते माझ्याही वरचढ होते.

ठकू माझा ड्रायव्हर आखत होती तेव्हा त्यांचं रोज बोलणं व्हायचं.

"ठकू, याला वेळ किती द्यायचा?" साहेब विचारायचे.

"कमी दिला तर उगाच चावत सुटेल. जास्त दिला तर मढं गार झाल्यावर चावेल. मधला देते."

"आणि एकदा सोडला की परत बांधायची सोय?"

"नाही ठेवत साहेब. प्रोग्राम पिसाळला तर पहिल्यांदा यालाच बांधून टाकेल. चोराच्या हातात किल्ली कशाला द्या?"

"बरं, पाठीवरून हात कोणी फिरवायचा? कर्नललाच सांग की, तो जागाच असतो."

"छे! जो खरं काम करतो, अंड्यांची ऊब बघतो, त्या प्रोग्रामनेच फिरवायचा. नाहीतर घरात माणूस मरून पडलंय आणि दारातल्या कुत्र्याला रोज तुकडा मिळतोय, असं व्हायचं."

काय बोलायची! मला वाटायचं, आपलं नशीब उजळलं. एवढं खोलात जाऊन माझा विचार कोणी केला नव्हता.

पण ठकूला एक सवय होती. कामाला बसायचं तर आधी टेबल लख्ख पुसायचं. चांगलीच सवय आहे, नाही कोण म्हणतो? तीच तिने माझ्या ड्रायव्हरला लावली. यंत्र चालू झालं की ड्रायव्हरने पहिल्यांदा माझं घर झाडून घ्यायचं, सगळे कप्पे कोरे करायचे. आणि मग कप्प्यात डोकावून बघायचं, टिंब आहे का.

कळलं का? आधी झाडलं, मग बघितलं. आता सापडणार काय, कपाळ? कप्पा नेहमी कोरा. कोरा म्हणजे वीज गेली. मी कितीही चावलो, तरी पडद्यावर एकच वाक्य यायचं, 'वीज गेली होती'.

तुम्ही म्हणाल, यंत्र बाहेर पाठवण्याआधी तपासलं नाही का? तपासलं तर! सगळा कारखाना गोळा झाला होता. ठकूने मुद्दाम प्रोग्राम अडकवला. मी मोजत मोजत शून्यावर आलो आणि असा चावलो, की यंत्र खडबडून जागं झालं. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "नाव काढलंस पोरी." माझी छाती एवढी फुगली. त्याच वेळी पडद्यावर 'वीज गेली होती' असं वाक्य ठळक अक्षरात झळकत होतं. पण ते वाचलं कोणी? एकानेही नाही. अहो, चावायला आपणच लावलं, मग का बंद पडलं ते सगळ्यांना ठाऊकच होतं. ठाऊक असलेली गोष्ट परत कोण वाचतो?

पहिलं यंत्र गेलं एका हॅचरीत, आणि ते नेलं ठकूच्या मामाने.

हा मामा वायरमन. ठकूची आई लवकर गेली, तेव्हापासून पोर मामा-मामीकडेच वाढली, नोकरी लागल्यावर वेगळी राहू लागली. पाटी-पेन्सिल धरायच्या आधी तिला पकड धरता यायची, ती मामामुळे. मामाने वायरीचा जोड मारला की तो म्हणायचा, "ओढ. लटक त्याला. सुटला तर माझं नाव बदल." हॅचरीची मालकीणबाई बाहेरून महागाचं यंत्र आणणार होती. मामा मध्ये पडला. "बाई, माझ्या भाचीचं घ्या. काही झालं तर मला बोला."

हॅचरी बघितली नसेल तुम्ही. उबदार खोली, माणसापेक्षा उंच कपाटं, त्यात अंड्यांचे ट्रे. ते ट्रे हळूच एकदा इकडे कलायचे, मग तिकडे. कोंबडी पायाने अंडं फिरवते ना, तसं. वाफेच्या नळ्या सुस्कारे टाकायच्या. भिंतीपलीकडून नव्या पिल्लांचा चिवचिवाट यायचा. यंत्रासाठी मामाने मीटरपासून वेगळी लाइन ओढली, एकट्याने. दिव्यांची लाइन वेगळी, यंत्राची वेगळी, म्हणजे यंत्राची वीज गेली तरी दिवे जळतच राहणार. भिंतीवर मला बसवलं आणि माझ्या डब्यावर टिचकी मारून म्हणाला, "नीट राहा रे. घरची इज्जत आहे."

मी नीट राहिलो. तेच तर दुखणं आहे.

झालं काय, हवेतला दमटपणा मोजणारा सेन्सर वाफेच्या तोंडाशीच बसला होता. त्याच्यावर थेंब साचला की तो मुका व्हायचा. आणि साहेबांनी लिहिलेला प्रोग्राम पडला सज्जन. सेन्सर उत्तर देईपर्यंत तो हात जोडून वाट बघत बसायचा. वाट बघण्याच्या नादात माझ्या पाठीवरून हात फिरवायचं राहून जायचं. मी शून्यावर यायचो. चावायचो. टिंब काढायचो. यंत्र उठायचं, ड्रायव्हर झाडू घेऊन यायचा, टिंब पुसायचा, आणि पडद्यावर यायचं, 'वीज गेली होती'.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ठकूने आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. वीज गेली आणि आली, तर आल्या आल्या कधी कधी जोरात येते, हीटर जळू शकतो. म्हणून वीज गेली असेल तर यंत्राने थोडं दमाने घ्यायचं, मगच हीटर लावायचा. मी चावल्याचं कळलं असतं तर हीटर लगेच लागला असता. आता खोट्या कारणापायी यंत्र दरवेळी दम खात बसायचं, आणि आत अंडी गार पडायची.

"मामा," मालकीणबाई ओरडायची, "तुमच्या भाचीचं यंत्र म्हणतंय, वीज परत गेली!"

मामा शिडी लावायचा. एकेक जोड उघडायचा, बघायचा, परत आवळायचा. काही सापडायचं नाही. तो खाली उतरायचा आणि यंत्र छान चालायचं. थेंब वाळलेला असायचा ना! दुसऱ्या दिवशी परत तेच.

हॅचरीतली माणसं चेष्टा करायला लागली. ट्रे धुणारा म्हणायचा, "मामा, वायर लाजाळू आहे वाटतं तुमची. तुम्ही बघितलं की नीट वागते." दुसरा म्हणायचा, "मामांना इथेच खाट टाकून द्या." मामाही हसायचा सुरुवातीला. मग त्याचं हसणं बंद झालं. तो शिडीवर जास्त वेळ थांबायला लागला. आवळलेला स्क्रू सोडायचा, परत आवळायचा. मी भिंतीवरून बघत होतो. ज्याचं नाव खराब होत होतं तो समोर उभा, ज्याने केलं तो मी, आणि मला तोंड नाही. मी मनात म्हणायचो, या वेळी टिंब मोठं काढू, ठसठशीत काढू. पण टिंब ते टिंब. केवढंही काढलं तरी झाडूपुढे काय टिकणार?

मग एक खेप वाईट निघाली. ट्रेच्या ट्रे गप्प. अंडी होती तशीच राहिली, आत जीव धरून सोडलेला. त्या दिवशी मालकीणबाईने ठकूलाही बोलावून घेतलं आणि सगळ्या माणसांसमोर तोंड सोडलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"हात थरथरायला लागले असतील तर सांगावं माणसाने! लपवायचं काय त्यात? इथे जीव जातात, मामा."

मामाने तिच्याकडे बघितलंच नाही. त्याने भाचीकडे बघितलं.

"ठकू, तूच सांग. मी सगळी लाइन दोनदा सोडून बांधली. वायरीत काही नाही गं. तुझ्या यंत्राचं काही चुकत नसेल ना?"

ठकूने यंत्राकडे बघितलं. पडद्यावरचं वाक्य वाचलं. आणि अगदी मऊ आवाजात, डॉक्टर बोलतात ना तसं, ती म्हणाली, "मामा, यंत्राला काय पडलंय खोटं बोलायचं? झालं तेच ते सांगतं. चुकतो तो माणसाचा हात. वय होतं रे, त्यात लाज कसली?"

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ वेळा चावलो, पण इतकं खोल कधी नाही लागलं कोणाला. मामाने आपले दोन्ही हात समोर धरले. उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. "असेल," म्हणाला. "तसंच असेल." हत्यारांची पिशवी उचलली आणि निघून गेला. जाताना त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे ट्रेकडे बघत होते.

ठकू मनाने वाईट नव्हती हो. मामाची चूक झाकावी, असं तिच्या मनात आलं. तिने मालकीणबाईला सांगितलं, "चार दिवस जुन्या यंत्रावर भागवा. मी याला मोठी बॅटरी जोडून आणते. मग बाहेरची वायर कशीही असली तरी फरक पडणार नाही." वायर कशीही असली तरी, म्हणे!

मला घेऊन ती कारखान्यात आली. टेबल लख्ख पुसलं. बॅटरी जोडली. बॅटरी लागतेय का ते कळावं म्हणून तिच्यावरच एक छोटा दिवा लावला. बाहेरच्या विजेची पिन तर तिने उपटूनच ठेवली होती. सेन्सर टेबलाच्या कडेला लोंबत होता. साहेब चहाचा ग्लास घेऊन आले, तो नेमका सेन्सरखाली ठेवला, आणि पेन्सिल शोधायला लागले.

चहाची वाफ वर गेली. थेंब साचला. सेन्सर मुका झाला. प्रोग्राम वाट बघत बसला. मी शून्यावर आलो आणि चावलो.

पडद्यावर आलं, 'वीज गेली होती'.

ठकू हसली. "अरे वा! कुठून गेली? बॅटरीतून गेली आणि परत घरी आली?" साहेबही हसले. दिवा तर जळतच होता. त्याने डोळासुद्धा मिचकावला नव्हता.

मग ठकूचं हसणं थांबलं. तिने दिव्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत दिव्याकडे. खुर्ची ओढून बसली आणि माझ्या ड्रायव्हरचा मजकूर उघडला. बोट ठेवत वाचत गेली. एका ओळीवर बोट थांबलं, ती झाडूची ओळ. तिच्या खालची ओळ, डोकावून बघण्याची. ठकू कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

दुरुस्ती काय होती म्हणाल, तर खालची ओळ वर घेतली. आधी बघ, मग झाड. झालं. मामाचं आयुष्यभराचं नाव त्या दोन ओळींच्या फटीत चेंगरलं होतं. लगेच तिने पुन्हा सेन्सरला वाफ दिली. मी चावलो, आणि पहिल्यांदाच, मित्रांनो, पहिल्यांदाच माझं टिंब कोणीतरी वाचलं. 'वॉचडॉगने चालू केलं. वीज शाबूत.' मला आनंद व्हायला हवा होता. पण मला तोंड लपवावंसं वाटलं.

साहेबांना सगळं कळलं. ते पेन्सिल चावत म्हणाले, "झालं ना नीट? नवीन प्रोग्राम भर आणि पाठवून दे. सुधारणा केली म्हणायचं. सेन्सरपुढे ताटकळत बसणारा माझा प्रोग्रामही दुरुस्त करतो. माझीही लाज राहील."

"आणि मामा?"

"मामा घरचे. घरात कोण माफी मागत बसतं?"

ठकूने मला सर्किट बोर्डासकट डब्यातून काढलं, रुमालात गुंडाळलं, पिशवीत टाकलं आणि मामाच्या घरी गेली.

दार मामीने उघडलं. पिशवीतून माझ्या बोर्डाचं एक टोक दिसत होतं.

"ये. यंत्रही आणलंस? बरं केलंस. हल्ली लोक त्याचंच ऐकतात."

"मामी..."

"आत ये, दारात नको. जपून ये, बोळातला बल्ब गेलाय. तुझा मामा म्हणतो, शेजारच्याला बोलाव. वायरमनच्या घरातला बल्ब शेजाऱ्याने बदलायचा, असे दिवस आले आमचे."

मामा खिडकीशी बसून शेंगा सोलत होता. हत्यारांची पिशवी कपाटावर, अगदी भिंतीला लावून ठेवलेली. स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशी.

ठकू त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मला मांडीवर घेतलं. मामीने तिच्या हातात चहाचा कप दिला.

"मामा, समज तू फ्यूज बघायला आलास. तार जळलीय का, हे बघायच्या आधीच तू नवी तार घातलीस. आणि मग बघून म्हणालास, फ्यूज तर शाबूत आहे."

मामाने शेंग खाली ठेवली. "असं कोण करतं? गाढव?"

"मी केलं."

तिने सगळं सांगितलं. टिंब, झाडू, चहाची वाफ, सगळं. ती थांबली तेव्हा मामा म्हणाला, "म्हणजे माझी वायर..."

"वायर उत्तम होती मामा. पहिल्या दिवसापासून. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

मामाने हात समोर धरले. मित्रांनो, ते थरथरत होते. आधी थरथरत नव्हते, मी शपथेवर सांगतो. रोज शिडीवर मी त्यांना जवळून बघितलं होतं. सांगून सांगून थरथर आणली होती आम्ही त्या हातांत.

"मालकीणबाईंना बोललीस?" मामाने विचारलं.

"अजून नाही."

"मग नको बोलूस."

"काय?"

"नको बोलूस म्हणतो. तुमचं पहिलं यंत्र आहे. असं काही बाहेर गेलं तर दुसरं कोण घेईल? माझं काय, माझं होत आलं. म्हाताऱ्याचा हात चुकला, लोक चार दिवसांत विसरतात. नव्या पोरीचं यंत्र चुकलं तर नाही विसरत. मला कळलं ना? बास. मला कळलं तेवढं पुरे."

आणि ठकूने श्वास सोडला. मी मांडीवरच होतो, मला कळलं. सुटल्याचा श्वास होता तो. मग तिच्या तोंडून निघालं, "बरं."

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती. ती पुढे आली आणि ठकूच्या हातातला चहाचा कप तिने काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

"झालं ना तुझं काम?" एवढंच म्हणाली.

ठकू उठली. बोळातून चाचपडत बाहेर आली. फाटकापाशी येऊन उभी राहिली, एक हात फाटकावर. लोक येत-जात होते. कोणी ओळखीचं हसलं, तिने मान फिरवली. ड्रायव्हर चुकला तेव्हा तिला लाज वाटली होती, पण ती लाज वेगळी. ती हुशारीची लाज. ही 'बरं' म्हटल्याची लाज होती, आणि ती तिला पुढेही जाऊ देईना, मागेही वळू देईना. शेवटी तिने फाटक उघडलं आणि घराकडचा रस्ता सोडून हॅचरीचा रस्ता धरला.

हॅचरीत ट्रे धुणं चाललं होतं. मालकीणबाई म्हणाली, "आलीस? चल ऑफिसात बसू."

"नको बाई. इथेच बोलते. तेव्हाही इथेच बोलणं झालं होतं." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "वीज कधीच गेली नव्हती. मामाच्या वायरीत काही नव्हतं. माझं यंत्र खोटं सांगत होतं, आणि ते खोटं त्याला मी शिकवलं होतं."

पाण्याचा नळ कोणीतरी बंद केला. मालकीणबाईला समजायला जरा वेळ लागला.

"म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली?"

"चोर मी आहे बाई."

"ते दिसतंय. तुझं काय करायचं ते नंतर बघते. तोंड तर मी सोडलं होतं ना, माणसांदेखत!" ती ट्रे धुणाऱ्याकडे वळली. "तू रे, लाजाळूवाल्या. हात पूस. सगळेच चला."

आणि ती वरात निघाली मामाच्या घरी. पुढे मालकीणबाई, मागे ओल्या हातांची माणसं, सगळ्यांत मागे ठकू. मामाला काय करावं सुचेना. तो म्हणत राहिला, "अहो बाई, कशाला, कशाला." मालकीणबाई म्हणाली, "मामा, मी ओरडून बोलले होते, म्हणून ओरडूनच सांगते, माझं चुकलं." शेजारपाजारचे खिडक्यांत आले. ट्रे धुणारा खाली बघत म्हणाला, "वायर लाजाळू नव्हती मामा, मीच निर्लज्ज." मामी हसली, तेव्हा कुठे बाकीचे हसले. ठकूकडे मात्र मामी त्या दिवशी बघून हसली नाही. तिला वेळ लागला.

मामा कामावर परत आला. साहेबांनी पेन्सिली चावत आपला प्रोग्राम दुरुस्त केला, सेन्सर वाफेपासून लांब गेला. मालकीणबाई ठकूला बोल बोल बोलली, पण यंत्र तिने ठेवलं. तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली, गोड झाली. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी यंत्र परत एकदा अडकलं. यंत्रच ते, कधीतरी अडकणारच. मी चावलो. त्या वेळी खोलीत सगळे होते, ठकू पण होती. पडद्यावर आलं, 'वॉचडॉगने चालू केलं. वीज शाबूत.' हीटर लगेच लागला. अंडी गार पडली नाहीत. पडद्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, एकट्या मामाचं नाही. यंत्र बंद पडल्याचा आवाज ऐकला आणि मामा सरळ शिडीवर. बोर्ड उघडलेला, पेचकस हातात, एकेक जोड चाचपतोय.

"मामा," ठकू खालून म्हणाली, "वाच ना. वीज शाबूत लिहिलंय. तुझं काही नाही."

"वाचलं गं," मामा म्हणाला. त्याने पडद्याकडे मान पण वळवली नव्हती. "वाचलं. तरी एकदा बघून घेतो."

ठकूने शिडी धरली. त्याचं सगळं बघून होईपर्यंत धरून उभी राहिली, आणि प्रत्येक जोडाला खालून विचारत राहिली, "कसा आहे मामा?" आणि मामा वरून सांगत राहिला, "घट्ट आहे." "हा?" "हाही घट्ट."

माझी विद्या संपली इथे. टिंब काढणं माझं काम, ते आता वाचलं जातं. पण मामाच्या मनात आम्ही जे काढून ठेवलं, ते पुसणारा झाडू माझ्याकडे नाही. ते काम माणसांचं. म्हणून, मित्रांनो, उठण्याआधी माझं एवढं ऐका. तुमच्या घरात, तुमच्या शेजारात असा एखादा असेल, ज्याला तुम्ही चारचौघांत चुकीचं ठरवलं आणि मागून कळलं की तो बरोबर होता. त्याच्याकडे जा. त्याच चारचौघांत जा. आणि तो म्हणाला, 'कळलं, आता पुरे', तर त्याचं ऐकू नका. परत एकदा सांगा.